कुणाचे डोहाळे

पारिसाअण्णांचं घर चालायचं रताळ्यावर, पण त्या घराच्या उंबऱ्याच्या आत रताळं कधी आलं नव्हतं. बेळगावच्या मार्केट यार्डात त्यांची अडत. हंगामात दुकानापुढं रताळ्याच्या पोत्यांची थप्पी लागायची, ट्रक भरून दिल्लीकडं जायचे, आणि अण्णा हाताला माती लागू न देता नुसत्या नजरेनं माल जोखायचे. जमिनीखालचं कंदमूळ खायचं नाही, त्यात अनंत जीव असतात, हा जैनांचा नियम. खडेबाजारामागच्या त्या घरात तो असा पाळला जाई की कांद्या-बटाट्याचं नाव निघालं तरी चंपाबाईंचा पदर नाकाशी जायचा. मग विकायला बरं चालतंय, असं कुणी थट्टेत विचारलंच, तर खाणं वेगळं आणि व्यवहार वेगळा, शास्त्रात आधार आहे, असं अण्णा सांगायचे. कुठल्या शास्त्रात ते विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण मग तासभर बसून ऐकावं लागलं असतं.

अण्णांना अडतीइतकाच दुसरा नाद शब्दांचा. संध्याकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, चार म्हाताऱ्यांना समोर बसवून ते एकेका शब्दाचा कीस काढत. संस्कृतात काय होतं, प्राकृतात त्याचं काय झालं, आपल्या तोंडात येईतो काय उरलं, असं सगळं. शब्द मुळापासून कळला की माणसानं कसं वागायचं तेही कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. मुलगा वृषभ दुकानात तरबेज झाला, पण शब्दांच्या वाटेला तो कधी गेला नाही. सून त्रिशला मात्र ऐकून घ्यायची. तिला ते आवडायचंही. निपाणीजवळच्या खेड्यातली पोर, सांबऱ्याच्या शाळेत शिकवायला होती, स्कूटरवरून जायची-यायची, आणि सासऱ्याला मामा म्हणायची.

गणपती होऊन गेले तेव्हा तिला चौथा महिना सरत आला होता. एका दुपारी सांबऱ्याच्या रस्त्याला शेतात बायका रताळी काढत होत्या. वाळल्या वेलांची शेकोटी करून त्यांनी त्यात चार रताळी ढकलली होती. तो वास आला आणि त्रिशलाची स्कूटर आपोआप थांबली. जन्मात तिनं रताळं खाल्लं नव्हतं. माहेरीही नाही. तरी तोंडाला असं पाणी सुटलं की तिला गिळून घ्यावं लागलं. त्यातली अंबुबाई नावाची बाई हसत अर्धं रताळं पुढं करून म्हणाली, खा की. आमच्यात चालत न्हाय, असं त्रिशलानं सांगितलं. वास तरी चालतोय न्हवं, म्हणून अंबुबाई पुन्हा हसली. त्रिशला बराच वेळ तिथं नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा थांबली, तिसऱ्या दिवशीही. मग घरी, शाळेत, झोपेत, तिला दुसरं काही सुचेना. चिंच, आवळा, कैरीचं लोणचं असं बायकांना हवं असतं ते सगळं चंपाबाईंनी पुढं आणून ठेवलं. तिनं बोटसुद्धा लावलं नाही. शेवटी सासूनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं खाली बघत सांगून टाकलं. चंपाबाई मटकन खाली बसल्या. चातुर्मास चालू, घरात पहिलंवहिलं बाळ यायचं, आणि सुनेला हवं काय, तर रताळं.

अण्णांपुढं विषय निघाला तो संध्याकाळच्या जेवणाला. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असल्यामुळं घाई होती, पण शब्द आला म्हटल्यावर अण्णांचा घास हातातच राहिला.

"डोहाळे म्हंजे काय, ठाऊक हाय?" ते म्हणाले. "द्विहृदया. दोन काळजं असल्याली बाई. त्याचं दोहद झालं, प्राकृतात दोहळ, आन आपल्यात डोहाळे. चौथ्या म्हैन्यात पोटातल्याचं काळीज चालू व्हतंय, आन ते आपलं मागणं आईच्या तोंडानं मागतंय. आता हिनं जन्मात रताळं चाखलंय काय? आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार? मागणारी ही न्हाय. ते मागतंय."

दोह म्हणजे दूध, त्यावरून हा शब्द आला असं काही जण म्हणतात, तेही त्यांनी सांगितलं. पण ते ओढूनताणून केलेलं आहे, आपल्याला पटत नाही, म्हणून तिथंच निकालात काढलं. जुन्या कथांत राण्यांचे काय काय अचाट डोहाळे राजांनी पुरवले ते सांगितलं. डोहाळा मारला तर बाळात खोट येते असं जुने वैद्य सांगून गेलेत, हेही सांगितलं. आणि निवाडा दिला की रताळं खायला घालावं. घराबाहेर, परसात, वेगळ्या चुलीवर.

अण्णा असे एका शब्दावरून नियम मोडतील असं चंपाबाईंना वाटलं नव्हतं. पण आजा व्हायचं म्हणजे माणूस विरघळतोच. दुसऱ्या दिवशी वृषभनं दुकानातली निवडक रताळी रुमालात बांधून मागच्या दारानं आणली. चंपाबाईंनी तीन विटा मांडल्या, तोंडाला पदर बांधला, आणि आयुष्यात पहिल्यांदा रताळं निखाऱ्यात ढकललं. कधी काढायचं ते दोघींनाही कळेना. साल करपली, आत मात्र मऊ, गोड, किंचित धुरकट झालं होतं. त्रिशलानं पत्रावळीवर घेऊन उकिडवं बसून खाल्लं. तोंड पोळलं तरी थांबली नाही. इतकं सुख तिला कशानं झाल्याचं आठवत नव्हतं. लग्नातसुद्धा नाही, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

तेव्हापासून घरात भाषा बदलली. अण्णा दुकानातून आले की विचारायचे, काय म्हणतंय? वृषभ फोनवर विचारायचा, आज मागितलं काय? तुला काय पाहिजे असं कुणी विचारीनासं झालं. पहिल्यांदा तिला याची गंमत वाटली. मग थोडी बोचणीही लागली, कारण रताळं खाताना तिला दुसरं काळीज वगैरे काही जाणवत नसे. जाणवायची ती तिचीच जीभ. तिची आजी कानडी बोलायची, ती डोहाळ्यांना बयके म्हणायची. बयके म्हणजे इच्छा, एवढंच. कुणाची ते त्या शब्दात नाही. हे एकदा मामांना सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण सांगून रताळी बंद झाली तर? ती गप्प बसली आणि खात राहिली.

दिवाळीनंतर सहाव्या महिन्यात एके दिवशी तिच्या पोटात काहीच हलेनासं झालं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि ठोके लागत नाहीत असं सांगितलं. कारण? कारण सांगता येत नाही, होतं असं कधीकधी, त्या म्हणाल्या. कळा आणून सोडवावं लागलं. मुलगा होता. अण्णा आणि वृषभ त्याला घेऊन गेले आणि परत आल्यावर दोघांनी अंघोळ केली.

त्रिशला रडली नाही. आधी सगळ्यांना वाटलं, धीराची आहे. मग वाटलं, धक्का आहे, उतरेल. शेजारणी आल्या, माहेरची आली, प्रत्येकीनं आपापलं रडून घेतलं आणि हिच्याकडं बघितलं. ती त्यांना चहा हवा का विचारायची. दुःख कुठं आहे ते तिनं स्वतःही शोधून बघितलं, हरवलेली किल्ली शोधावी तसं. सापडलं नाही. दोन काळजांतलं एक उरलं होतं, तेही आपलं काम कसंबसं उरकत होतं.

मग दूध आलं. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. सकाळी झंपर भिजलेला बघून ती बराच वेळ मोरीत उभी राहिली. अण्णांनी ओढूनताणून केलेला म्हणून टाकलेला तो दुसरा अर्थ तिला आठवला, दोह म्हणजे दूध. त्या आठवणीचंही काही वाटलं नाही. चंपाबाईंनी तिच्या छातीला घट्ट कापड बांधलं, गोळ्या आणवल्या, आणि पुढं ते आटलं.

परसातल्या तीन विटा कधी गेल्या ते तिला कळलंही नाही. रताळी यायची थांबली. कुणी मना केलं नाही, कुणी विषयही काढला नाही. मागणारं गेलं, मागणं संपलं, इतका साधा हिशोब होता तो. फक्त एक गोष्ट त्या हिशोबात बसत नव्हती, आणि ती त्रिशलाला एकटीलाच ठाऊक होती. तिला अजून रताळं हवं होतं.

सगळ्या अंगात तेवढंच एक जिवंत होतं. भात मातीसारखा लागे, चहा कोमट पाण्यासारखा. वृषभनं हात धरला तर हात धरलाय एवढंच कळे. पण दुपारी अण्णा यार्डातून आले, त्यांच्या सदऱ्याला रताळ्यांच्या मातीचा तो ओलसर वास आला, की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग तिला स्वतःची शिसारी यायची. पोर जाऊन इतके दिवस नाही झाले आणि हिची जीभ चाळवते. कुणाला सांगणार? आणि सांगून काय म्हणणार?

महिना होत आला तेव्हा अण्णा तिच्यासमोर येऊन बसले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. माणूस वाईट नव्हता. या महिन्यात त्यांनी बस्तीत एकाही शब्दाचा कीस काढला नव्हता, यावरून काय ते समजावं. ते म्हणाले की निपाणीच्या पलीकडं एका गावात मुनिमहाराज उतरलेत, आपण सगळे जाऊन येऊ. चातुर्मासात कंदमूळ खाल्लं गेलं, त्याचं प्रायश्चित्त राहिलंय.

"तू मन खाऊ नको," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला काय पाप लागत न्हाय. मागणारं ते, खाणारं ते. ते आपलं पाप घेऊन गेलं. त्याच्या नावानं प्रायश्चित्त घिऊन टाकू, म्हंजे तू मोकळी."

ती व्हय म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच व्हय म्हणत होती.

गाडी वृषभ चालवत होता. पुढं अण्णा, मागं दोघी. थंडी पडली होती, हायवेला उसाचे ट्रॅक्टर लागत होते, आणि संकेश्वर मागं पडलं. त्रिशला काचेतून बघत होती. मागणारं ते, खाणारं ते, हे मामांचे शब्द तिच्या डोक्यात नुसते पडून होते. तवंदी घाट लागला तेव्हा ते शब्द तिला पहिल्यांदा नीट ऐकू आले. ज्यानं एक श्वास घेतला नाही, ज्याला दात नव्हते, ज्याचा आवाज कुणी ऐकला नाही, त्याच्या डोक्यावर अनंत जीवांची हत्या. आणि ती ठेवणारे कोण, तर आपण सगळे, आपल्या सुटकेसाठी. कुठंतरी खोल खुपलं. महिन्यात पहिल्यांदा काहीतरी खुपलं, म्हणून ती सावरून बसली.

महाराज एका शाळेच्या खोलीत लाकडी पाटावर बसले होते. शेजारी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. वयानं तरुणच होते, चिकोडीकडचे असावेत, आणि चालून चालून पाय सुजलेले दिसत होते. सगळ्यांनी नमोस्तु केलं, बायका एका बाजूला बसल्या, पुरुष समोर. अण्णांनी हात जोडून सांगायला सुरुवात केली. थोडक्यात सांगणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. द्विहृदया, दोहद, दोहळ, सगळं आलं. शेवटी बाळ गेल्याचं मात्र त्यांनी दोनच शब्दांत सांगितलं.

महाराजांनी विचारलं, "मग प्रायश्चित्त कुणाला द्यायचं?"

"जे गेलं त्याला," अण्णा म्हणाले. "त्याच्या वतीनं मी घेतो."

त्रिशला उठून उभी राहिली. चंपाबाईंनी तिचा पदर ओढला, पण ती बसली नाही.

"महाराज, रताळं मी खाल्लंय."

अण्णा वळून समजुतीनं म्हणाले, "आगं, तेच सांगायलोय मी."

"न्हाय मामा. मी खाल्लंय. मला पाहिजे होतं म्हणून खाल्लंय." तिचा आवाज सपाट होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "त्याला जाऊन म्हैना व्हायला आला, आन मला अजून पाहिजे. रोज पाहिजे. तुमच्या सदऱ्याला वास आला तरी पाहिजे. मग ते मागत होतं असं कसं म्हणायचं?"

वृषभ जमिनीकडं बघत होता.

"त्याच्या नावावर काय घालू नका," ती म्हणाली. "त्याला काय पाहिजे नव्हतं. त्याला नुसतं यायचं होतं."

अण्णांनी जोडलेले हात खाली घेतले. ते एकाएकी म्हातारे दिसायला लागले. मग चंपाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "आन भाजलं मी, महाराज. जाणूनबुजून भाजलं. मला पन द्या."

महाराजांनी दोघींकडं बघितलं. त्रिशलाला विचारलं, डॉक्टरांनी उपास करायला परवानगी दिली आहे का? ती म्हणाली की तब्येत आता बरी आहे. मग त्यांनी येत्या चतुर्दशीला तिला एक उपास सांगितला, चंपाबाईंना दोन, आणि दोघींना णमोकार मंत्राचा जप. कंदमूळ आजन्म सोडायचा नियम घेणार का, असंही विचारलं. चंपाबाईंनी तिथल्या तिथं घेतला. त्रिशलानं थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं की आज नाही जमणार, अजून लई इच्छा आहे. महाराज रागावले नाहीत. मग खोटा घेऊ नको, एवढंच म्हणून त्यांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला. बाळाच्या नावानं काही दिलं नाही.

परतताना गाडी संकेश्वरला आली. अण्णा पुढं बघतच म्हणाले की डोहाळे या शब्दाला अजून एक मूळ सांगतात, दौर्हृद, म्हणजे जिवाची तगमग. त्यात दुसरं काळीज नाही. मी ते सांगायला पाहिजे होतं, ते म्हणाले. राहू द्या आता, असं चंपाबाई म्हणाल्या, आणि अण्णा खरंच राहिले. लग्नाला पस्तीस-चाळीस वर्षं झाली असतील, पण बायकोनं सांगितलं आणि शब्द अर्धा टाकला, असं कदाचित पहिल्यांदाच घडलं असावं.

चतुर्दशीला बापलेकांनी स्वयंपाकघरात शिरून पोहे केले. पोहे भिजवायचे किती आणि परतायचे किती, यावरून दोघांत वाद झाला, शेवटी लगदा झाला तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला आणि दुकान गाठलं. सासू-सुना माजघरात जपमाळ घेऊन बसल्या. सकाळ गेली. त्रिशलाला काही वाटत नव्हतं. ती मणी ओढत होती, ओठ हलत होते, नेहमीसारखंच सगळं लांब कुठंतरी चालल्यासारखं होतं.

दुपार कलली तशी तिला भूक लागली. आधी बारीक, मग चांगली कडकडून. रताळ्याची नव्हे, कशाचीही. भात चालला असता, शिळी भाकरी चालली असती. पोटात खड्डा पडला होता. महिनाभर तिच्या पोटाला भूक म्हणून लागली नव्हती. पुढं आणून ठेवलेलं ती गिळत होती इतकंच. तिनं पोटावर हात ठेवला. ते सपाट होतं, रिकामं होतं, आणि आतून ओरडत होतं ते फक्त तिच्यासाठी. तिथं दुसरं कुणी नाही, हे डॉक्टरीणबाईंनी यंत्र ठेवून सांगितलं होतं, तिनं ऐकलंही होतं. कळलं आत्ता.

"आत्ती," ती म्हणाली, "त्यो खरंच न्हाय गं आता."

आणि तिला रडू आलं. असं आलं की माळ हातातून सुटली, डोकं जमिनीला टेकलं, तोंडातून निघणारा आवाज कुणाचा ते तिला ओळखू येईना. शेजारणी खिडकीत आल्या असतील, येऊ देत. चंपाबाईंनी जप थांबवला. गप्प हो म्हणाल्या नाहीत, पाणीही आणलं नाही, उपासाला ते चालत नव्हतं. त्या सरकून जवळ आल्या, सुनेचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, आणि दोघी उपाशीपोटी तशाच बसून राहिल्या.